पिवळ्या बोटीचं सुकाणू

१

लिंडसे नोस्के दोन कामं सावकाश करायचा. एक म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या शर्यतीच्या बोटीचा पंखा घासणं आणि दुसरं, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं. पहिल्या कामाबद्दल बोटींच्या क्लबातले लोक त्याला गुरू मानायचे. दुसऱ्यापायी त्याची बायको चाळीस वर्षं डोकं धरून बसली, आणि गेले तीन आठवडे मुलगी आणि दवाखान्यातले डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते.

त्या बुधवारी सकाळी तो शेडमध्ये पंखाच घासत होता. तांब्याच्या रंगाचा, दोन पात्यांचा, चिमटीत मावणारा पंखा. एका पात्याला कानस मारायची, मग पंखा बारीक सुईवर अडकवून सोडून द्यायचा. जड पातं हळूच खाली जातं. मग त्याला पुन्हा कानस. दोन्ही पाती सोडाल तिथे थांबायला लागली की काम झालं. बोट तासाला ऐंशी किलोमीटरनं पळणार असेल, तर पंख्यातला केसभर फरकही तिच्या सांध्यासांध्यातून थडथडतो.

पंखा बसवून त्यानं तो धरणाऱ्या दांड्याची उंची बघितली. दांडा अर्धा मिलिमीटर इकडे झाला की बोट नाक खुपसते, तिकडे झाला की वारा पोटाखाली शिरून उलथते. दोन्ही बॅटऱ्या बोटभर पुढे सरकवून त्यानं तोल जमवला, पंखा फिरवणाऱ्या तारेला ग्रीस लावलं. रिमोटचं चाक डावीउजवीकडे फिरवून मागचं सुकाणू नीट वळतंय हे पाहिलं. सगळं ठीक होतं.

बोट त्याची नव्हती. पिवळी, हातभर लांब, कडेला दोन ओरखडे असलेली ही बोट त्याच्या बायकोची, ओटिलीची. रेन्मार्क गावात तिला सगळे टिलीच म्हणत. डिसेंबरपासून या बोटीला कुणी हात लावला नव्हता. येत्या रविवारी हिवाळ्याआधीची शेवटची शर्यत होती, आणि क्लबातल्या जुन्या मित्रानं, थानासीनं, हट्टच धरला होता की टिलीची बोट एकदा पाण्यात पडलीच पाहिजे. त्यानंतरच्या मंगळवारी लिंडसेला दवाखान्यात उत्तर द्यायचं होतं. पाच महिने टिली बेशुद्ध होती, नळीवाटे जेवत होती. ती नळी ठेवायची की काढायची, एवढाच प्रश्न होता.

त्यानं रिमोट बंद केला आणि चहाचा मग उचलला. मग त्याच्या लक्षात आलं की बोटीतली बॅटरी जोडलेलीच राहिलीय. आधी बोट बंद करायची, मग रिमोट. हा नियम मोडणाऱ्या नवशिक्यांना तो जाहीरपणे झापायचा. आता स्वतःच विसरला म्हणून तो मनाशीच ओशाळला.

तेवढ्यात मागून आवाज आला. कुर्र. सुकाणू फिरवणाऱ्या चिमुकल्या मोटरचा आवाज. तो त्याला झोपेतही ओळखू आला असता.

२

मोडकं यंत्र कुरकुरतंच, त्यात घाबरण्यासारखं काय? पाच महिने बंद पडलेली बोट, आत दमट हवा शिरली असणार. लिंडसे चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडत आला होता. विनाकारण काहीच वाजत नाही यावर त्याचा विश्वास होता.

त्यानं ती छोटी मोटर काढून नवी बसवली. रिमोट बंद ठेवला, बॅटरी जोडली आणि स्टुलावर बसून राहिला. क्षणभर शांतता. मग कुर्र.

गुरुवारी त्यानं बोटीतला, रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर बदलला. शेजाऱ्याच्या गेटचा रिमोट असेल, म्हणून शेजाऱ्याला जाऊन विचारून आला. शेजाऱ्याचं गेट दोन वर्षांपासून बिघडलेलं होतं. शुक्रवारी त्यानं शेडमधला रेडिओ, बल्ब, सगळ्याचे प्लग काढले आणि दारातून येणाऱ्या उजेडात बसला. आत रंगाचा आणि ग्रीसचा वास होता. पत्र्यावर मॅगपाय पक्ष्याची पावलं वाजत होती.

कुर्र. सुकाणू किंचित डावीकडे गेलं. मग उजवीकडे, चांगलं लांब. मग सरळ.

त्यानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सात सेकंद गेले. पुन्हा किंचित डावीकडे, मग लांब उजवीकडे. पुन्हा सात सेकंद.

बिघाडाला ताल नसतो. मोजून सात सेकंदांनी, एकदाही न चुकता, कुठलीच मोटर बिघडत नाही. लिंडसेनं बॅटरीची वायर उपटली. सुकाणू वाकड्या अवस्थेतच थांबलं, आणि शेडमध्ये पुन्हा मॅगपायचाच काय तो आवाज राहिला.

त्याला बरं वाटायला हवं होतं. पण वायर काढल्यानं आपण ते थांबवलं नाही, आपल्याला फक्त दिसेनासं केलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. त्यानं बोटीवर गोणपाट टाकलं.

३

शर्यतीत बोया, म्हणजे पाण्यातला तरंगता खुणेचा गोळा, नेहमी उजव्या हाताला घेऊन वळतात. सगळे सरळ उजवीकडे चाक फिरवतात. टिली तसं करायची नाही. बोयाजवळ आली की आधी हलकासा डावीकडे झटका, मग उजवीकडे वळण.

"ही बोयाला आधी रामराम घालते, मग वळते," थानासी म्हणायचा.

"आणि तू न भेटताच पुढे जातोस, म्हणून बोया तुला धडकतो," टिली उलट सुनावायची.

तीस वर्षांत तिची ही सवय कुणाला उचलता आली नाही. थानासीनं लपूनछपून करून बघितली होती आणि बोट वेताच्या बेटात घातली होती.

शर्यतीत चालवणाऱ्याच्या मागे एक पाठराख्या उभा राहतो. चालवणाऱ्यानं बोटीवरून नजर हलवायची नाही. बाकीचं सगळं त्याचा पाठराख्या कानाशी सांगतो. किती फेऱ्या राहिल्या, कुठे कुणाची बोट बंद पडून तरंगतेय, कोण मागून येतंय. आणि शेवटी, वेळ संपली, आत आण. हे ऐकल्याशिवाय चालवणाऱ्यानं रिमोटच्या वेगाच्या खटक्यावरचं बोट उचलायचं नाही, असा क्लबाचा दंडक. टिलीचा पाठराख्या नेहमी लिंडसेच असायचा.

डिसेंबरात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, ऊन नुसतं भाजत असताना, चौथ्या फेरीला टिली उभ्या जागी खाली बसली. लिंडसेला वाटलं, पाय घसरला. मग त्यानं तिचं तोंड बघितलं. पुढचं त्याला नीट आठवत नाही. आपण ओरडलो एवढं आठवतं. तिच्या मुठीतून रिमोट कुणीतरी सोडवला, कुणीतरी बंद केला. बोट आपोआप थांबून तासभर पाण्यावर तरंगत राहिली.

वेळ संपली, आत आण, असं मात्र तिला कुणीच म्हटलं नाही. तेव्हा ते सुचणार तरी कुणाला?

४

रविवारी शर्यतीच्या तळ्याचं पाणी ताटासारखं सपाट होतं. थानासी कालोगेरास टोपी मागे सरकवून तपासणीच्या टेबलाशी बसला होता. संत्र्यांचा बागाईतदार, आवाज ट्रॅक्टरसारखा. त्यानं बायकोनं दिलेली तिळाची बिस्किटं लिंडसेपुढे सरकवली.

"खा, लेका. चेहरा बघ, जणू मीच तुझी बोट पळवलीय."

"थानासी, एक सांगायचं होतं."

"आधी तपासणी. नियम म्हणजे नियम, तूच शिकवलास." त्यानं बोट घोडीवर ठेवली. "चालू कर."

लिंडसेनं रिमोट लावला, बॅटरी जोडली, खटका दाबला. पंखा भणाणला.

"आता रिमोट बंद."

हीच खरी परीक्षा. रिमोट मेला की बोट थांबलीच पाहिजे, नाहीतर ती वाट्टेल त्याच्या नडगीत घुसेल. लिंडसेनं बटण दाबलं. पंखा लगेच थांबला.

"पास!" थानासी शिक्का उचलत म्हणाला.

कुर्र.

थानासीचा हात हवेतच राहिला. सुकाणू किंचित डावीकडे गेलं, मग लांब उजवीकडे. त्यानं एकदा लिंडसेच्या हातातल्या मेलेल्या रिमोटकडे बघितलं, एकदा बोटीकडे. सात सेकंद गेले. मग पुन्हा तेच.

"हे टिलीचं आहे," थानासी हळूच म्हणाला. त्यानं छातीवर तीन बोटांनी क्रूस काढला. एवढ्या वर्षांत लिंडसेनं त्याला चर्चबाहेर असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"बुधवारपासून चाललंय."

"बुधवारपासून तुला दिसतंय." थानासीच्या आवाजातला ट्रॅक्टर पार बसला होता. "पाण्यात नको टाकू ही. ने तिच्याकडे. काय करायचं ते तुझं तू बघ, पण तिच्याकडे ने."

५

दवाखान्यातली टिलीची खोली शेवटच्या दाराची. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसे. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात नळीचं यंत्र, त्याची एकसुरी टकटक. टिली उताणी, डोळे मिटलेले, हात चादरीवर. पाच महिन्यांत ती इतकी लहान झाली होती की लिंडसेला दर वेळी दारात थबकायला होई.

त्यानं कपाटावर टॉवेल अंथरून बोट ठेवली. पंखा काढून खिशात घातला, बॅटरी जोडली.

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. हात हलेल, निदान एखादं बोट तरी हलेल, असं त्याला वाटत होतं. हात हलला नाही. कपाटावरून मात्र आवाज आला. कुर्र.

म्हणजे ही नव्हे. की हीच? त्याला कळेना. तो उठला, पलंगाच्या उशाकडे गेला आणि तिच्या खांद्यामागे उभा राहिला. तीस वर्षं जिथे उभा राहिला तीच जागा. पुढे काय बोलावं याचा त्याला विचार करावाच लागला नाही.

"दुसऱ्या बोयाशी बंद बोट आहे, टिली. बाहेरून घे."

सुकाणू डावीकडे गेलं. मग उजवीकडे वळलं, पण नेहमीसारखं नाही. कमी कोनात, संथ, खूप वेळ. मोठा वळसा घालून ते सरळ झालं.

लिंडसेनं पलंगाची कड घट्ट धरली. भीती वाटली, पण ती मागाहून. आधी त्याला रडू फुटलं, आनंदाचं, आवाज दाबून ठेवायला उशी शोधावी लागेल असं.

"छान घेतलंस," तो म्हणाला. "रस्ता मोकळा. अजून दोन फेऱ्या."

६

"तिला मी बोललेलं कळतं," त्यानं त्याच संध्याकाळी ॲडलेडला मुलीला फोन केला. "मंगळवारी येऊ नकोस, कॅरिन. डॉक्टरांना सांग, थांबा म्हणावं."

"बाबा, डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या तपासणीत काहीच उमटत नाही."

"त्यांना नाही कळत. मला कळतं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात आशाही होती, आणि आपला बाप आता वेडा होणार अशी धास्तीही. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली. त्यांना काही सापडलं नाही. लिंडसेनं बोटीचं कुणालाच सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होता?

तो रोज नऊ वाजता यायचा. बोट कपाटावर, आपण खांद्यामागे. वारा कुठून येतोय ते सांगायचा, थानासी मागून येतोय म्हणून खोटंच चिडवायचा, आणि सुकाणू लगेच घाईनं वळायचं. मग तो खुदकन हसायचा. कित्येक महिन्यांनी तो भरपेट जेवत होता. संध्याकाळी तो म्हणायचा, "अजून दोन, टिली," आणि बॅटरी काढून बोट बगलेत मारून घरी जायचा.

मेले नावाची टोंगा बेटांवरची नर्स सकाळच्या पाळीला असे. दणकट, गाणं गुणगुणत काम करणारी. बोटीबद्दल तिनं काही विचारलं नाही. घरचे लोक काय काय आणून ठेवतात, तिला सवय होती. नवव्या दिवशी मात्र तिनं त्याला दारातच थांबवलं.

"लिंडसे, एक विचारू? तुम्ही त्यांच्या हातात काही देता का? काही घट्ट, दाबायचं?"

"नाही. का?"

तिनं टिलीचा उजवा हात उचलून उलटा केला आणि तर्जनीची पट्टी सोडली. बोटाच्या पेरावर, जिथे खटका टेकतो तिथे, कातडी सोलवटली होती. मधोमध ताजा फोड, पाण्यानं टरटरलेला. कडेनं जुने घट्टे पडलेले, एकावर एक, कितीतरी दिवसांचे.

"आम्ही रोज मलम लावतो. रोज नवा येतो," मेले म्हणाली. "पडून राहिलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, टाचांना होतात. बोटाला होत नाहीत. माझ्या बघण्यात तरी नाही."

"कधीपासून?"

"मी आले फेब्रुवारीत. तेव्हाही होता. पण या आठवड्यात फार वाढला."

ती गाणं न गुणगुणता बाहेर गेली.

लिंडसे खुर्चीत बसला. तिचं ते बोट हातात धरून तो त्याच्याकडे बघत राहिला. लांब शर्यतीनंतर टिली हे बोट तोंडात घालायची. मेलं सोलून निघालं, म्हणायची, आणि हसायची. ती शर्यत सहा मिनिटांची असायची.

फेब्रुवारी. आणि त्याआधी जानेवारी, डिसेंबर. रात्री, पहाटे, तो घरी झोपलेला असताना, वायर काढून ठेवलेली असताना. आणि हे शेवटचे नऊ दिवस, तो स्वतः कानाशी उभा राहून, आणखी दोन, आणखी दोन म्हणत असताना.

त्याला स्वतःची शिसारी आली.

७

त्यानं बॅटरी जोडली. सुकाणू लगेच हललं. नीट बघितल्यावर त्याला दिसलं, डावीकडचा झटका आता जेमतेम उरला होता. उजवीकडचं वळणही थरथरत जात होतं.

तो तिच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला. पाठराख्यानं चालवणाऱ्याकडे बघायचं नसतं, पाण्याकडे बघायचं असतं. एवढे दिवस तो कपाटावरच्या बोटीकडेच बघत आला होता. आज त्यानं जुन्या सवयीनं मान उचलली आणि तिच्या डोक्यावरून समोर बघितलं, जिथे पाणी असायला हवं तिथे.

कॅलेंडर होतं. भिंत होती. मग एका श्वासापुरती ती नव्हती.

पाणी होतं, राखाडी, वारा नसलेलं, आणि त्याला पलीकडचा काठ नव्हता. बोये नव्हते. कुठेच एकही बोया नव्हता. ती नुसतं मोजून वळत होती, सात सेकंद, मग रामराम घालायला काहीच नसलेल्या जागी रामराम, मग वळण. फार लांब काहीतरी पिवळं येत होतं, नाक खाली घातलेलं, पाण्यानं जड झालेलं. त्याच्या मागे आणखीही काहीतरी होतं, पण तोवर भिंत परत आली होती. कॅलेंडरवर मे महिना होता.

लिंडसेनं उशीची कड धरली. एक आशा त्यानं आतापर्यंत स्वतःपासूनही लपवली होती. हाक मारली की ती येईल, डोळे उघडेल, मान वळवून विचारेल, कितवा नंबर आला रे? त्या आशेपायीच तर तो पाठराख्याचं शेवटचं वाक्य बोलत नव्हता. बोललो आणि ती आली नाही, तर?

सुकाणू डावीकडे जायला निघालं आणि अर्ध्यावरच अडखळलं.

"बस, टिली," तो म्हणाला. मग तिच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाला, "बस, राणी. वेळ संपली. आत आण."

सुकाणू सरळ झालं. त्यानं सात सेकंद मोजले. मग आणखी सात. मग मोजणं सोडून दिलं. नळीच्या यंत्राची टकटक चालू होती. टिलीचा श्वास पूर्वीसारखाच चालू होता. डोळे मिटलेलेच होते. तिनं मान वळवली नाही, आणि ती वळवणार नाही हे आता त्याला ठाऊक होतं.

तो बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यानं कॅरिनला फोन लावला.

"ये तू. नळी काढायला मी सही करतो."

"बाबा?" ती दचकली. "तुम्हीच तर म्हणालात, तिला कळतं. डॉक्टर काही बोलले का?"

"डॉक्टर नाही. मीच सांगतोय. तिला कळतंच होतं, पोरी. ती दमलीय. फार दमलीय."

पलीकडे कॅरिन रडायला लागली. त्यानं तिला रडू दिलं. गाड्यांच्या जागेत कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"कधीपासून?" शेवटी तिनं विचारलं. "कधीपासून दमलीय ती?"

नेहमीसारखंच लिंडसेनं उत्तराला वेळ लावला.

"नऊ दिवस," तो म्हणाला. पाच महिने म्हणायचं धाडस त्याला झालं नाही.